फाइल उघडली, पण जॉब बसेल का?



आपल्या अंकात फराळाच्या पाककृती, गणपतीतल्या कार्यक्रमांचे वृत्तान्त आणि गुणवंत मुलांचे फोटो दरवर्षी असतात, आणि ते असायलाच हवेत. या वेळी संपादक मंडळाने मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितलं. मी पांडेसऱ्यातल्या एका छोट्या डिझाइन ऑफिसात बसतो. तिथे नेमकं काय करतो असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर असं : दुसऱ्यांनी पाठवलेल्या फायली उघडतो, त्या उघडत नसतील तर का ते शोधतो, आणि उघडल्या तर त्यांत काय हरवलंय ते शोधतो. यावर दोन पानं कोण वाचणार, असं मला वाटत होतं. पण कोजागिरीला दूध आटत असताना तीन मुलं शेजारी येऊन बसली. एक मजुरा गेटच्या गांधी कॉलेजात डिप्लोमाला, एक एसव्हीएनआयटीत, आणि तिसरा उधन्याला वायरकटवर कामाला. तिघांचा प्रश्न एकच, "काका, स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं, मग जॉब चुकतो कसा?"

सुरतेतल्या आपल्या बऱ्याच घरांची गोष्ट सारखीच आहे. वडील किंवा आजोबा खान्देशातून आले, लूमवर उभे राहिले, आणि आता मुलं कॅडसमोर बसतात. म्हणून आधी घरातल्या मोठ्यांसाठी चार ओळी. पूर्वी ड्रॉइंग बोर्डावर काढलं जायचं, ट्रेसिंग पेपरवरून त्याची अमोनिया प्रिंट निघायची आणि तिची गुंडाळी काखेत मारून माणूस टर्नरकडे जायचा. तो बोर्ड कोणत्या कंपनीचा, पेन्सिल कुठली, याने टर्नरचं काही अडत नव्हतं. आता मात्र प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्याच लिपीत लिहितं. जुन्या जमिनीचे कागद मोडीत असतात ना, तसं. भाषा आपलीच, पणजोबांचं नावही त्यात असतं, पण मोडी येणारा माणूस भेटेपर्यंत आपल्याला ओळ लागत नाही. सॉलिडवर्क्सची फाइल क्रिओला मोडी, क्रिओची कॅटियाला मोडी.

यावर उपाय म्हणून सगळ्यांना वाचता येईल अशी एक बाळबोध लिपी हवी, हे फार लवकर लक्षात आलं. ऑटोकॅड १९८२ साली आलं तेव्हाच सोबत डीएक्सएफ आलं. त्याच्याही आधी, १९८० मध्ये, अमेरिकेत आयजेस तयार झालं होतं. त्रिमितीय मॉडेलसाठी आज सगळे जे स्टेप वापरतात ते १९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं, आयएसओ १०३०३. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांच्या जन्माआधीच हा प्रश्न कागदावर सुटला होता. प्रत्यक्षात १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक आणि तंत्रज्ञान संस्थेने एक अभ्यास करवून घेतला, तर फक्त तिथल्या मोटार उद्योगात या देवाणघेवाणीतल्या गोंधळापायी वर्षाला किमान एक अब्ज डॉलर वाया जात होते.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. एअरबसचं ए-३८० हे दुमजली विमान आठवा. त्यात सुमारे ५३० किलोमीटर वायर आहे. हॅम्बुर्गची मंडळी कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीत काम करत होती, तुलूझची पाचव्या आवृत्तीत. सॉफ्टवेअर एकच, कंपनी एकच, फक्त आवृत्ती वेगळी. हॅम्बुर्गहून आलेले वायरिंगचे जुडगे तुलूझला विमानात बसवायला घेतले, तर वायरी आखूड पडल्या. फ्रेमच्या कडेने वळसा घालताना किती लांबी लागेल, याचा हिशेब दोन्हीकडे जुळला नव्हता. जून २००६ मध्ये उशिराची घोषणा झाली आणि मूळ कंपनीचा शेअर एका दिवसात चौथा हिस्सा घसरला. पहिलं विमान सिंगापूर एअरलाइन्सला मिळालं ते ऑक्टोबर २००७ मध्ये. फायलींशिवाय दुसरी कारणंही होती, पण वायर आखूड पडणं ही गोष्ट कुणालाही कळते, म्हणून हेच उदाहरण मी सगळ्यांना सांगतो.

उलट बाजूचं उदाहरण आपल्याच गावात आहे. फ्रान्समध्ये कादाराश इथे ‘इटर’ हा अणुसंमीलनाचा प्रकल्प उभा राहतो आहे. त्याचं बाहेरचं प्रचंड पात्र, क्रायोस्टॅट, म्हणजे सुमारे ३० मीटर व्यासाचं, तितक्याच उंचीचं आणि ३८५० टन वजनाचं, लार्सन अँड टुब्रोने हजिऱ्याला तुकड्यातुकड्यांत बनवलं. शेवटचे तुकडे २०२० मध्ये रवाना झाले. डिझाइन एकीकडे, वेल्डिंग दुसरीकडे, जोडणी तिसरीकडे. तिथे फाइल कोणत्या रूपात जाईल, कोण तपासेल, कोणता कागद शेवटचा, हे सगळं काम सुरू होण्याआधी ठरवावंच लागतं. पांडेसऱ्यात, उधन्यात, सचिनमध्ये आपण काम करतो ते व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलवर, "अर्जंट छे" एवढ्या सूचनेवर.

आता त्या मुलांच्या प्रश्नाकडे येतो.

स्टेप फाइलमधून आकार जातो, आकारामागचा विचार जात नाही. सुरतेत हे समजावायला सोपं आहे, कारण इथे गल्लोगल्ली एम्ब्रॉयडरीचं पंचिंग चालतं. पंचिंगवाला डिझाइन बनवतो आणि मशीनला डीएसटी फाइल देतो. त्या फाइलमध्ये सुई कुठे पडायची, दोरा कुठे कापायचा, रंग कुठे बदलायचा एवढंच असतं. तो रंग लाल की मोरपिशी, हे तिला माहीत नसतं, ते वेगळ्या चिठ्ठीवर येतं. आणि फुलाची पाकळी थोडी मोठी करायची म्हटली, तर त्या फाइलला पाकळी नावाचं काही ठाऊकच नसतं, तिच्यापाशी नुसते टाके. स्टेपचं तसंच आहे. आधी दंडगोल काढला, मग त्यात भोक पाडलं, मग कडेला फिलेट दिला, हा इतिहास गळून पडतो आणि हाती येतो एक मुका सॉलिड. त्यात बदल करता येतो, पण हात धरून शिकवल्यासारखा.

इतिहास गेला तर फार बिघडत नाही. बिघडतं ते आटे गेल्यावर. एम ८ चा टॅप मारायचं भोक बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ६.८ मिलिमीटरचं साधं भोक म्हणूनच काढलेलं असतं, आटे नुसते वरून चितारलेले असतात. स्टेपमध्ये ते चित्र जात नाही. समोरचा ऑपरेटर प्रामाणिकपणे ६.८ चं भोक पाडून ठेवतो आणि माल पाठवून देतो. बेअरिंगच्या घराचंही तेच. २५ एच ७ म्हणजे व्यास २५ पेक्षा कमी चालणार नाही आणि २१ मायक्रॉनपेक्षा जास्त मोठा चालणार नाही. मॉडेलमध्ये मात्र नुसतं २५ असतं. स्टेपच्या नव्या रूपात, एपी २४२ मध्ये, टॉलरन्सही पाठवायची सोय २०१४ पासून आहे. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत ती वापरलेली क्वचितच दिसते. म्हणून त्रिमितीय फाइलसोबत पीडीएफ ड्रॉइंग मागायला कधी लाजू नका. समोरचा म्हणेल, "मॉडेलमां बधुं छे." नसतं.

दुसरी गोष्ट शिवणीची. सॉफ्टवेअरच्या पोटात सॉलिड म्हणजे कापडाच्या तुकड्यांसारखे पृष्ठभाग एकमेकांना शिवून बनवलेली बंद पिशवी असते. आज्ञांची नावंही तशीच : सॉलिडवर्क्समध्ये ‘निट’, एनएक्समध्ये ‘सो’, म्हणजे विणणं आणि शिवणं. दोन कडांमध्ये किती बारीक फट असली तरी शिवण पक्की मानायची, याचा प्रत्येकाचा नियम वेगळा. एकाला जी शिवण चालते ती दुसऱ्याला उसवलेली दिसते. मग फाइल उघडते, वस्तू दिसतेही, पण ती पोकळ कातडी असते. वजन विचारलं की शून्य येतं, छेद घेतला की आत काहीच नाही. आयजेसमध्ये हे सर्रास होतं. म्हणून फाइल उघडल्यावर मी सगळ्यात आधी घनफळ विचारतो. आकडा आला तर पिशवी बंद आहे. नाही आला तर दुरुस्तीला बसण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून स्टेप किंवा पॅरासॉलिड मागतो. दोन तास पृष्ठभाग शिवत बसण्यापेक्षा दोन मिनिटांचा फोन बरा. काही तरुणांना फोन करायचा संकोच वाटतो, हे माझ्या पाहण्यात आहे.

पॅरासॉलिडवरून एक गंमत. सॉलिडवर्क्स, एनएक्स आणि सॉलिड एज या तिघांच्याही पोटातलं भूमितीचं यंत्र एकच आहे, त्याचंच नाव पॅरासॉलिड. ते मालकीचं आहे सीमेन्सच्या. म्हणजे सॉलिडवर्क्स विकणारी दासो कंपनी आपल्या स्पर्धकाचं इंजिन बसवून गाडी विकते! आपल्याला त्याचा फायदा असा की या तिघांमध्ये देवाणघेवाण करताना स्टेपच्या वाटेला जायचंच नाही, सरळ पॅरासॉलिडची फाइल द्यायची. भूमितीचं भाषांतरच होत नाही, त्यामुळे शिवण सहसा उसवत नाही.

आता मापं. २५.४ या आकड्याशी माझी जुनी ओळख आहे. आलेला भाग मुंगीएवढा दिसला तर मी त्याची लांबी मोजतो आणि जितकी हवी त्या आकड्याला तिने भागतो. उत्तर २५.४ आलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ, १० आलं तर सेंटिमीटर, १००० आलं तर मीटर. दुसरं काही आलं तर फाइलच वेगळी आहे. थ्रीडी प्रिंटरची एसटीएल फाइल तर एकक लिहीतच नाही, नुसते आकडे लिहिते. ते मिलिमीटर की इंच हे उघडणाऱ्याने ठरवायचं. स्टेपमध्ये एकक लिहिलेलं असतं, आणि स्टेप फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. उघडून बघा. वरच्या ओळींत ती कोणत्या सॉफ्टवेअरमधून आणि कोणत्या तारखेला निघाली हे सापडतं, आणि खाली ‘मिली’ हा इंग्रजी शब्द शोधला की मापाचा उलगडा होतो. डीडब्ल्यूजी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर कचरा दिसतो, पण पहिली सहा अक्षरं वाचता येतात. एसी१०३२ असेल तर ती २०१८ च्या रूपातली, एसी१०२७ म्हणजे २०१३, एसी१०१५ म्हणजे २०००. "फाइल करप्ट छे" असं म्हणून जी परत पाठवतात, ती पुष्कळदा करप्ट नसतेच. जुन्या ऑटोकॅडला नवी फाइल दिलेली असते, एवढंच.

असेम्ब्लीचं दुखणं अगदी घरगुती आहे. असेम्ब्लीच्या फाइलमध्ये भाग नसतात, भागांचे पत्ते असतात. कुणी नुसती असेम्ब्ली पाठवली की ताट आलं आणि वाट्या घरीच राहिल्या, असं होतं. सॉलिडवर्क्समध्ये ‘पॅक अँड गो’ त्यासाठीच आहे, ते सगळ्या वाट्या गोळा करून देतं.

आणि एक उलटसुलटचा प्रकार. आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये काढतात, अमेरिकेत थर्ड अँगलमध्ये. फर्स्ट अँगलमध्ये डावीकडून पाहिलेलं दृश्य उजवीकडे काढतात, थर्डमध्ये ते डावीकडेच राहतं. कोपऱ्यातलं कापलेल्या शंकूचं छोटं चिन्ह पाहिलं नाही, तर डावा ब्रॅकेट उजवा होऊन बाहेर पडतो. आमच्या ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये असे ब्रॅकेट टेबलावर आले, तेव्हा तिथल्या शेठनी एक उचलून फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आ तो ऊंधुं छे!" उंधियुंच्या शहरात हा शब्द हसून ऐकायची सवय आहे, पण त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आता ज्या प्रकारात खरं नुकसान होतं त्याकडे. वर सांगितलेल्या गोष्टी निदान डोळ्यांना दिसतात. ही दिसत नाही.

ऑटोकॅडमध्ये एखाद्या मापावर डबल क्लिक करून त्याचा आकडा हाताने बदलता येतो. रेषा तिथेच राहते, फक्त वरचा आकडा बदलतो. घाईत असलेला माणूस तेच करतो. उधन्यातल्या एका लेसर कटिंगवाल्याकडे १२ मिलिमीटर जाडीच्या फ्लँज प्लेटचं काम आलं होतं. आठ भोकं, ज्या वर्तुळावर ती पाडायची त्याचा व्यास आधी २१०. नंतर डिझाइनमध्ये तो २१५ झाला. फाइल पाठवणाऱ्या कंपनीतल्या कुणीतरी आकडा २१५ टाइप केला, भोकं हलवली नाहीत. पीडीएफमध्ये २१५ छापलं गेलं. लेसरला आकडे वाचता येत नाहीत, रेषा वाचता येतात. त्याने २१० वर कापलं.

व्यासात पाचचा फरक म्हणजे प्रत्येक भोक अडीच मिलिमीटर आत. बोल्ट १६ चा, भोक १८ चं. अशा दोन प्लेटांमधली भोकं एकमेकांपासून दोन मिलिमीटरपर्यंत सरकली तरी बोल्ट कसाबसा जातो. इथे अर्धा मिलिमीटर कमी पडला आणि एकही बोल्ट गेला नाही. साइटवरून फोन आला. कंपनी म्हणाली, ड्रॉइंग बघ, २१५ लिहिलंय. लेसरवाला म्हणाला, फाइल तुमची, मी तिला हातही लावला नाही. दोघांचंही खरं होतं. प्लेट, कापणावळ, परत नेण्या-आणण्याचा खर्च हे सगळं शेवटी लेसरवाल्याच्या बिलातून वजा झालं, कारण पुढचं काम त्याला हवं होतं. तो आपल्याच मंडळातला. मुलीच्या फीचा हप्ता त्या महिन्यात कुठून दिला, ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

त्या वेळी त्याने मला फाइल दाखवायला आणली होती. मापावर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टेक्स्ट ओव्हरराइड’ हा रकाना पाहिला, तर तिथे २१५ लिहिलेलं होतं आणि त्याच्याच वर ‘मेजरमेंट’समोर २१०. दहा सेकंदांचं काम. तो रकाना रिकामा असायला हवा. लेसर, वायरकट किंवा प्लाझ्मावर काम करणाऱ्या प्रत्येक मुलाने फाइल मशीनला देण्याआधी निदान चार महत्त्वाच्या मापांचा हा रकाना पाहावा, असं माझं ठाम मत आहे. डीएक्सएफमध्ये एकावर एक दोन रेषाही असतात आणि लेसर त्याच वाटेने दोनदा जातो. त्यासाठी ऑटोकॅडची ‘ओव्हरकिल’ आज्ञा आहे. पण दुहेरी रेषेने नुसता गॅस आणि वेळ जातो. खोट्या मापाने अख्खी प्लेट जाते.

खरा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. फाइल आणि ड्रॉइंग वेगळं बोलले तर कुणाचं खरं मानायचं, हे आधी ठरलेलं नसतं. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरमध्ये तशी ओळ असते. छोट्या जॉबवर्कमध्ये ऑर्डरच तोंडी असते. "भाव बोलो, क्यारे आपशो?" एवढ्यावर काम सुरू होतं. आणि भांडण झालं की ज्याला पुढच्या कामाची गरज जास्त, त्याचं खोटं ठरतं. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी सांगतो, कोटेशनच्या खाली एक ओळ टाका : काम पाठवलेल्या डीएक्सएफप्रमाणे होईल, ड्रॉइंगशी फरक आढळल्यास काम सुरू करण्यापूर्वी कळवावं. गुजरातीत लिहा, हिंदीत लिहा, पण लिहा. यावर कुणी ऑर्डर काढून घेतल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. एकदोन शेठ कुरकुरले, एकाने उलट विचारलं, "आवुं कोणे शिखवाड्युं?"

तो लेसरवाला आता वेगळं करतो. फाइल आली की सगळ्यात मोठं माप आणि भोकांच्या वर्तुळाचा व्यास स्वतःच्या स्क्रीनवर नव्याने मोजतो, ठळक लाल आकड्यांत त्याचा फोटो काढतो आणि पाठवणाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. खाली लिहितो, "आ प्रमाणे कापुं?" उत्तरात ‘हा’ येईपर्यंत प्लेट मशीनवर चढत नाही, मग बाहेर टेम्पो उभा का असेना.